परक्या घरचं पीठ

"ओरेझ! ओरेझ!"

समोरच्या झोहराबाई जिन्यात उभ्या राहून एवढ्या मोठ्यानं ओरडल्या, की माझी आई हातातलं सूप तसंच धरून बसली. ओरेझ म्हणजे तांदूळ. हिब्रूतला हा शब्द आईला पक्का ठाऊक होता, कारण दुकानात जाऊन तिला तेवढंच मागता यायचं. पण तांदळाच्या नावानं कोणी असा टाहो का फोडावा, ते तिला कळेना.

"मिलका, बघ गं, ह्या बाईला काय चावलं!"

मी आतून धावत आले. झोहराबाईंनी डोक्याचा रुमाल सारखा केला आणि माझ्याकडे वळून जे काही सुनावलं, त्यात थोडं हिब्रू, थोडं फ्रेंच आणि बाकी सगळं मोरोक्कोचं अरबी होतं. मला समजलं ते एवढंच: पेसाखचे दिवस, घरात पाव नाही, पिठाचा कण नाही, आणि ही बाई भर जिन्यात सगळ्यांच्या देखत तांदूळ निवडते! यहुदी म्हणवता ना तुम्ही?

शेवटचं वाक्य मी गाळणार होते. पण आईला भाषा येत नसली तरी चेहरे वाचता यायचे.

"तिला सांग," आई सूप खाली ठेवून उभी राहिली, "आमचे वाडवडील गलबत फुटून कोकणच्या किनाऱ्याला लागले, तेव्हापासून आम्ही ह्या सणाला भात खातो. गव्हाची चपाती नाही, पाव नाही. भाताला कुणी ना म्हटलेलं नाही. आणि आम्ही यहुदी आहोत की नाही, ते हिनं मला शिकवू नये."

मी त्यातलं निम्मं सांगितलं. झोहराबाईंनी दोन्ही हात वर केले. मोरोक्कोतल्या त्यांच्या सफ्रू गावात तांदळाला कुणी ह्या दिवसांत हात लावत नसे. तांदळात गव्हाचा एखादा दाणा निघाला तर? "ज्या घरात तांदूळ शिजतोय, त्या घरचं मी पाणीसुद्धा पिणार नाही," असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.

"पाणी!" आई म्हणाली. "दिलं होतं कोणी तिला?"

हे दिमोनामधलं. इस्रायलच्या दक्षिणेला वाळवंटात हे गाव तेव्हा नुकतं वसत होतं. सगळीकडे एकसारख्या तीन मजली इमारती, आणि त्यांच्यापलीकडे काही नाही. आम्ही रेवदंड्याहून तिथे येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. मी कापडगिरणीत लागले होते. माझे बाबा, हनोख थळकर, रेवदंड्याला सुतारकाम करायचे. इथे त्यांना सरकारनं झाडं लावायच्या कामावर घेतलं होतं. आई म्हणायची, "नारळाची वाडी सोडून आले आणि वाळूत काठ्या रोवत बसलेत."

बाबांना मात्र त्या काठ्यांचं मोठं कौतुक. रोज येऊन सांगायचे, आज एकीला पालवी फुटली.

आईला काहीच फुटत नव्हतं. पाणी खारट, वारा कोरडा, समुद्र नाही, आणि सगळ्यात वाईट म्हणजे बोलायला माणूस नाही. रेवदंड्याला तिचं तोंड सकाळी उघडायचं ते रात्री मिटायचं. इथे ती दिवसभर घरात बसून राहायची आणि संध्याकाळी आमच्याशी दिवसाचं साठलेलं सगळं एकदम बोलून टाकायची. सण जवळ आले की तिची अवस्था आणखी बिघडायची, कारण इथले सणही तिला आपले वाटत नव्हते.

"पेसाख काय, पेसाख!" ती म्हणायची. "आमचा अनाशी ढाकाचा सण."

तिच्या आजीकडून आलेलं नाव होतं ते. अनस म्हणजे आंबट पाण्याचं भांडं. जुन्या काळी प्रत्येक घरात ते असायचं आणि ह्या सणाला आठ दिवस ते झाकून ठेवायचे. का झाकायचं, ते कुणालाच माहीत नव्हतं. मिसरातून सुटका, घाईघाईत भाजलेली बिनखमिराची भाकरी, आंबवलेल्याला बंदी, ही गोष्ट बाहेरचे जाणकार लोक येऊन सांगेपर्यंत कोकणात सगळे विसरून गेले होते. कारण विसरले, पण झाकण घालायला कुणी विसरलं नाही. आईला ह्याचा भारी अभिमान. त्यात इथे सण सातच दिवसांचा. "एक दिवस आधीच आटपतात," ती बडबडायची, "एवढी कसली घाई असते ह्यांना?"

तांदळावरून भांडण झालं त्या संध्याकाळी आईनं बाबांना निर्वाणीचं सांगितलं.

"सण संपला की मी परत जाणार. तुम्ही या नाहीतर राहा. माझा भाऊ आहे रेवदंड्याला, तो काही मला बाहेर काढणार नाही."

"अगं, एका बाईनं तांदळावरून—"

"तांदळावरून नाही. मला 'यहुदी आहात का' विचारलं तिनं. तिकडे जन्मभर सगळे आम्हाला, शनिवारी घाणा बंद ठेवतो म्हणून, शनिवारतेली म्हणायचे, यहुदी म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण कुणी कधी माझा हात धरून म्हणालं नाही की तू ती नाहीसच. ते ऐकायला एवढ्या लांब आले मी?"

बाबांनी बुटांतली वाळू झटकली. मग म्हणाले, "सण होऊ दे. शेवटच्या दिवशी संध्याकाळी सांगतो काय ते."

उरलेले दिवस दोन्ही दारं बंद. गंमत अशी की झोहराबाईंची मुलगी सोलिका गिरणीत माझ्याच शेजारच्या मागावर होती. आम्ही दोघी रोज बरोबर कामाला जायचो, बरोबर यायचो, आणि मजल्यावर पोचलो की एकमेकींना ओळखत नसल्यासारख्या आपापल्या घरात शिरायचो.

"तुझी आई अजून रागात आहे?" मी वाटेत विचारायची.

"रागात? ती तांदूळ शब्दसुद्धा काढू देत नाही. आणि तुझी?"

"माझी दुसरं काही बोलतच नाही."

सणाचा शेवटचा दिवस उजाडला तोच पिवळा. वाळवंटातून गरम वारा सुटला होता. आकाश दिसेना, रस्ता दिसेना, दातांखाली वाळू करकरायला लागली. दारं-खिडक्या लावून सगळे घरात बसून राहिले. दुपारनंतर वारा पडला. सूर्य मावळला, चांदण्या दिसल्या, सण सुटला. बाबा सिनेगॉगमध्ये गेले होते, ते अजून यायचे होते. आई स्वयंपाकघरात काही न करता बसली होती.

तेवढ्यात दारावर थाप पडली. सोलिका होती. नवा निळा झगा घातलेला, हातावर मेंदी, आणि चेहरा रडवेला.

"मिलका, तुमच्याकडे पीठ आहे?"

"आज? आज कुणाकडे पीठ असणार?"

तेही खरंच होतं. सणाआधी सगळ्यांनीच घरातलं गव्हाचं पीठ काढून टाकलेलं. सण सुटला की दुकानदार दुकान उघडायचा आणि बेर-शेवाहून पिठाचा ट्रक यायचा. पण वाऱ्यानं रस्त्यावर वाळूचे ढीग घातले होते आणि ट्रक मध्येच कुठेतरी अडकला होता. दुकानासमोर सगळी मोरोक्कोची माणसं हात हलवत उभी होती, असं सोलिका म्हणाली.

"सकाळी येईल की ट्रक," मी म्हटलं.

"सकाळी काय उपयोग? मिमुना आज आहे!"

मिमुना हा शब्द मी गिरणीत ऐकला होता. पेसाख संपला त्या संध्याकाळचा मोरोक्कोवाल्यांचा सण. त्याचा अर्थ मात्र ज्याला विचारावं तो वेगळा सांगायचा. कुणी म्हणे मैमून नावाचे थोर पंडित होते, त्यांच्या आठवणीसाठी. कुणी म्हणे मैमून म्हणजे भाग्य. सोलिकाचा काका म्हणायचा, अर्थबिर्थ काही नाही, सात दिवस कोरडी भाकरी खाऊन माणूस वैतागतो म्हणून.

सोलिकाच्या मागे त्यांचं दार सताड उघडं होतं. मला आतलं टेबल दिसलं. पांढरी चादर, वर मधाची वाटी, लोणी, दूध, खजूर, पुदिन्याच्या जुड्या, घेवड्यासारख्या हिरव्यागार शेंगा. आणि मधोमध एक मोठा पितळी थाळा, रिकामा. त्याच्यासमोर झोहराबाई सोनेरी काठाचा लांब झगा घालून बसल्या होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती.

"काय झालं गं?" आई माझ्या मागे येऊन उभी होती.

मी विचारलं, सोलिकानं आपल्या आईला विचारलं, आणि झोहराबाईंनी हुंदके देत सांगितलेलं अरबी सोलिकाच्या हिब्रूतून माझ्या मराठीपर्यंत आलं. सफ्रूला ह्या संध्याकाळी घरात पिठाचा कण नसायचा. चांदण्या उगवल्या की शेजारची मुसलमान बाई, लल्ला फातमा, डोक्यावर परात घेऊन यायची. परातीत ताजं पीठ, खमीर, दूध आणि शेतातली हिरवी कणसं. तिनं दारात परात ठेवली की मगच सण सुरू. त्या पिठाचा थाळा टेबलावर मांडायचा, त्यात नाणी आणि शेंगा खोवायच्या, आणि त्याच पिठाच्या मुफलेता म्हणजे पातळ पोळ्या करून सगळ्या गल्लीला खाऊ घालायच्या.

"आई म्हणते," सोलिकानं डोळे पुसले, "की घरातलं पीठ आपणच टाकून दिलेलं असतं. नवं पीठ बाहेरून यावं लागतं, परक्या हातानं. इथे सगळे यहुदीच. इथे परकं कोण आहे आणून द्यायला?"

मी हे आईला सांगितलं. ती दाराच्या चौकटीला धरून समोर बघत राहिली. मग म्हणाली, "चंद्रभागा आणायची."

"कोण चंद्रभागा?"

"विसरलीस? आगऱ्यांची, आपल्या वाडीमागची. अनस झाकलेलं उघडलं की ते धुऊन कोरडं करायचं. मग त्यात घालायला आंबट विरजण चंद्रभागा घेऊन यायची. माझी आजी म्हणायची, आपल्या घरातलं सगळं संपलेलं आहे, आता शेजारणीच्या घरचं आल्याशिवाय नवं लागायचं नाही. चंद्रभागा विरजण आणायची आणि दारातच ठेवायची, आणि आजी तिला आत ओढून बसवायची."

आई वळली आणि स्वयंपाकघरात गेली. फळीवरून डबा काढल्याचा आवाज आला. रेवदंड्याहून बोटीत घालून आणलेलं जातं होतं तिच्याकडे. सगळ्यांनी वेड्यात काढलं होतं तिला त्यापायी. सणाआधी तिनं त्यावर तांदूळ दळून ठेवले होते. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात आमची मोठी परात होती आणि परातीत तांदळाच्या पिठाची पांढरी शुभ्र रास.

"आई," मी घाबरले, "तांदळाचं आहे ते."

"मला दिसतंय."

"पुन्हा भांडण होईल."

"सण सुटलाय ना? मग आता तिला तांदळाचं वावडं कसलं? आणि परक्या हातानं यायला पाहिजे म्हणते ना ती?" आईनं पदर खोचला. "त्या दिवशी जिन्यात मला परकी ठरवलीच आहे तिनं. मग मीच नेते."

सोलिकानं वाट दिली. आई कधी नाही ते त्या उंबऱ्यापाशी गेली, परात खाली ठेवली आणि चंद्रभागेसारखी बाहेरच उभी राहिली.

झोहराबाईंनी पिठाकडे बघितलं. मग आईकडे. मग पुन्हा पिठाकडे. त्यांनी वाकून चिमूटभर पीठ बोटांत चोळलं, आणि मला वाटलं, आता परात जिन्यातून खाली जाते.

"ओरेझ?" त्या म्हणाल्या.

"ओरेझ," आई म्हणाली.

झोहराबाई एकदम हसायलाच लागल्या. रडता रडता हसायला लागल्या, आणि ते हसू थांबेना. त्यांनी आईचं मनगट धरलं आणि एका हिसक्यात तिला घरात ओढलं. थोडं पीठ पितळी थाळ्यात गेलं, पिठात नाणी गेली, शेंगा गेल्या. मग जिन्याच्या कठड्याशी येऊन झोहराबाईंनी जीभ हलवत असा काही उंच स्वर लावला, की खालच्या मजल्यावरच्या बायकांनीही तसाच लावला, आणि दारं उघडल्याचे आवाज येऊ लागले.

पुढचा घोटाळा चुलीपाशी झाला. झोहराबाईंनी उरलेलं पीठ मळलं, गोळा तेलात बुडवला आणि गव्हाच्या पिठासारखा ताणायला गेल्या. गोळा फुटला. दुसरा घेतला, तोही फुटला. तोपर्यंत घरात पंधरा-वीस माणसं जमली होती आणि सगळ्यांची नजर तव्यावर.

"अहो बाई, तांदूळ ताणायचा नसतो," आई मराठीतच म्हणाली. "सरका बघू."

तिनं त्या गोळ्यात पाणी आणि मीठ घालून सैलसर सरबरीत केलं, तव्याला तेलाचं बोट फिरवलं आणि भांड्यानं काठापासून आत ओतत घावन घातलं. चर्र आवाज झाला. बघता बघता त्याला जाळी पडली. झोहराबाईंनी तव्यात वाकून बघितलं आणि ओरडल्या, "बग़रीर!"

"काय म्हणते?"

"त्यांच्याकडे असाच प्रकार असतो म्हणे, भोकाभोकांचा," मी सांगितलं. "हजार भोकं पडली तर सुगरण."

"मग मोज म्हणावं."

त्यानंतर आमची, माझी आणि सोलिकाची, गरजच उरली नाही. आई घावनं काढत होती, झोहराबाई त्यांना लोणी-मध लावून घडी घालत होत्या आणि दोघी आपापल्या भाषेत बोलत होत्या. मध्येच आईनं साखर मागितली. झोहराबाई चमकल्या. "सुक्कर?" "साखर." "सुक्कर!" मग हात धुवायला साबण, तो तिकडे साबून निघाला. दुनिया तर दोघींची एकच निघाली. प्रत्येक शब्दाला दोघी लहान मुलींसारख्या टाळ्या देत होत्या. वर्षभर जिचं तोंड दिवसा मिटलेलं होतं, ती माझी आई त्या चुलीपाशी आगगाडीसारखी सुटली होती.

एकदा हात पुसत झोहराबाई माझ्याकडे वळल्या आणि त्यांनी मला खांद्याला धरलं.

"तुझ्या आईला नीट सांग," त्या सावकाश, शोधून शोधून हिब्रूत म्हणाल्या. "मिमुना का करतात ते सोलिकाला ठाऊक नाही, तिच्या काकाला तर नाहीच. मला माझ्या सासूनं सांगितलं. पेसाखच्या दिवसांत यहुदी यहुद्याच्या घरी जेवत नाही. एकाचं एक चालत नाही, दुसऱ्याचं दुसरं. मी ह्या घरचं नको म्हणते, तू त्या घरचं. मनं दुखतात. म्हणून सण सुटला की त्याच संध्याकाळी दारं उघडायची आणि ज्याच्या घरचं आपण नाकारलं, आधी त्याच्याच घरी जाऊन खायचं. जायला मी हवं होतं. आली ती."

मी एक शब्दही न गाळता आईला सांगितलं. आईनं तव्यावरचं घावन उलटलं. मग म्हणाली, "तिला म्हणावं, परात माझी आहे. ती परत द्यायला यायला लागेलच तिला. तेव्हा आमच्याकडचं पाणी पिऊन जा म्हणावं."

झोहराबाईंनी परातीची वाट बघितली नाही. तशाच तेलकट हातांनी समोर आमच्या घरात गेल्या, माठातलं पाणी पेल्यात घेतलं आणि सगळ्यांच्या देखत घटाघटा प्यायल्या.

बाबा आले ते ह्याच वेळी. आमचं दार उघडं, घरात एक परकी बाई पाणी पितेय, समोरच्या घरात गाणी चाललेली. ते गोंधळून तिकडे डोकावले. सिनेगॉगमधून येताना ते बराच वेळ एकटेच चालत राहिले असावेत. बुटांवर वाळू होती आणि चेहरा गंभीर. माणसांमधून वाट काढत ते चुलीपाशी पोचले.

"सिपोरा," त्यांनी हळूच आईला हाक मारली. "मी ठरवलंय. तुला इथे असं कुढत ठेवायची नाही. जाऊ आपण परत. सगळेच जाऊ."

आईच्या गालाला पीठ लागलं होतं. तिनं त्यांच्याकडे असं बघितलं, जणू ते भलत्याच कुणाबद्दल बोलत होते.

"आत्ता?" ती म्हणाली. "एवढं पीठ भिजवलंय, त्याचं काय करू? आणि उद्या ह्या सगळ्या टेकडीकडे जेवायला जाणार आहेत, घावनांचं काम माझ्याकडे आहे. ते होऊ दे, मग बघू. आधी खाऊन घ्या, गार होतंय."

बाबा घडी घातलेलं घावन हातात घेऊन उभे राहिले. मध त्यांच्या मनगटावरून ओघळत होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले.

टेकडी झाली. मग आईचं म्हणणं पडलं की शावुओतचा दुधातुपाचा सण तोंडावर आलाय, झोहराबाईंना दुधाच्या वड्या शिकवायच्या कबूल केल्यात. त्यानंतर बिरड्याचा सण आला. आम्ही त्या दिवशीचा उपास बिरडं खाऊन सोडतो, हे ऐकून झोहराबाईंचा विश्वास बसेना, तेव्हा वाल भिजवून मोड आणून दाखवणं भाग पडलं. मग नव्याचा सण म्हणजे नवं वर्ष, मग दारफाळणी. दारफाळणीला उपास धरून, घराचं दार लावून दिवसभर आत बसतात, पण त्या वर्षी आईनं मध्ये फट ठेवली, कारण झोहराबाईंना उपासानं चक्कर येते. असं एकामागून एक चालूच राहिलं. मी लग्न होऊन अश्दोदला गेले, बाबांच्या काठ्यांची सावली रस्त्यावर पडायला लागली, झोहराबाईंच्या नातवंडांना आई मराठीत ओरडायला लागली.

बाबांनी मात्र एक नेम सोडला नाही. दर मिमुनाला, घरात माणसांची गर्दी असताना, ते आईच्या मागे जाऊन उभे राहायचे आणि मोठ्या गंभीरपणानं विचारायचे, "मग, सिपोरा? कधी निघायचं रेवदंड्याला?"

आणि आई तव्यावरून मान न उचलता म्हणायची, "तुम्हाला काही काळवेळ आहे का हो? घरात सण आहे."